सात फुटी नांद्रुक, तळाला वेटोळी मुळं: बोन्साय करायचा तर आधी काय कापायचं?

मालवणी_परस

नमस्कार मंडळी,

एका नर्सरीच्या मागच्या कोपऱ्यात पडून राहिलेला नांद्रुक स्वस्तात मिळाला. काळी पिशवी साधारण १६ इंची, पण फाटलेली. मुळं खालून जमिनीत घुसली होती, ती पहारीने तोडून झाड उचलावं लागलं. उंची सुमारे ७ फूट. मातीलगत खोड ६ सेंमी जाड, पुढे ९० सेंमीपर्यंत काठीसारखं सरळ, एकही फांदी नाही. तिथे दोन फांद्या फुटल्या आहेत आणि सगळी पानं त्यांच्यावरच आहेत. कोवळी पानं मधोमध घडी घातल्यासारखी मिटली आहेत. आणल्यापासून आठवड्याभरात एक तृतीयांश पानं गळली.

जागा समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर, चिऱ्यांचं अंगण, पाणी विहिरीचं. आता एप्रिलचा दुसरा आठवडा चालू आहे. वड-पिंपळाच्या जातीचं झाड कसंही कापलं तरी फुटतं असं ऐकून आहे. मग आत्ताच एका फुटावर करवत लावावी का? मुळं त्याच वेळी साफ करावीत का? आणि बोन्सायच्या कुंडीत कधी घालावं?

जांभ्यावरची_झाडं

करवत जूनपर्यंत खुंटीला टांगून ठेवा. नांद्रुक फुटतो हे खरं, पण तो फुटतो खोडात आणि मुळांत साठवलेल्या अन्नावर. तुमच्या झाडाची जमिनीतली मुळं नुकतीच तुटली आहेत. पिशवीच्या मानाने पानांचा पसारा मोठा होता, म्हणून झाडाने स्वतःहून पानं टाकली. अशात वरचा भाग उडवला तर उरलेल्या मुळांनाही अन्न पोचणार नाही.

आत्ता झाडाला सकाळचं दोन-तीन तास ऊन आणि दुपारी सावली द्या. शेडनेट नसेल तर माडाच्या झावळ्यांचं आडोसं पुरतं. पिशवी चिऱ्याच्या फरशीवर थेट ठेवू नका. दुपारी जांभा इतका तापतो की काळ्या पिशवीतली कडेची मुळं शिजतात. खाली दोन विटा द्या, म्हणजे मुळं पुन्हा जमिनीत घुसणार नाहीत आणि पाणीही अडणार नाही. फाटलेली पिशवी दुसऱ्या पिशवीत सरकवा, पण आतला मातीचा गोळा फोडू नका. नव्या पिशवीला तळाशी आणि खालच्या ५ सेंमीच्या पट्ट्यात बाजूने दहा-बारा भोकं हवीत.

मिटलेल्या पानांमध्ये फुलकिडे आहेत. एक पान उघडून बघा. आत काळे, शेवयाच्या तुकड्यासारखे बारीक किडे इकडेतिकडे पळताना दिसतील, सोबत पिवळट पिल्लं आणि पांढरी अंडी असतील. वरून फवारलेलं औषध या घडीत शिरत नाही, म्हणून आधी मिटलेली सगळी पानं हाताने तोडून पिशवीत बांधून जाळा. ती परसात टाकलीत तर किडे परत येतील. नंतर १ लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि २ मिली द्रवरूप साबण घुसळून संध्याकाळी फवारा. दर आठ दिवसांनी, एकूण तीन वेळा. फवारणीचा खरा उपयोग नव्या कोंबांवर होतो, जुन्या पानांवर नाही. पेरांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. तो ब्रशने पुसून काढा.

एवढं करून मेअखेर प्रत्येक शेंड्याला चार-पाच नवी, सपाट, तुकतुकीत पानं आली तर झाड सावरलं असं समजा. नाही आली तर यंदाचा पावसाळा त्याला नुसतं वाढू द्या.

दरम्यान एक काम मात्र करून ठेवा. बांबूची काडी घेऊन खोडाभोवतीची माती हलक्या हाताने उकरा, मुळांचा खरा फुगवटा लागेपर्यंत. नर्सरीत रोप लहान पिशवीतून मोठ्या पिशवीत जातं तेव्हा दर वेळी थोडं खोल बसतं. त्यामुळे वर दिसणारी बारीक मुळं बहुधा नंतर खोडाला फुटलेली असतात आणि मूळचा पसारा त्याखाली ५ ते ८ सेंमीवर दबलेला असतो. खोडाची उंची, जाडी, कापायची जागा, सगळं त्या फुगवट्यापासून मोजायचं. काय दिसतं ते इथे लिहा. त्याआधी कापण्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

खाडीकाठ

वरच्या सगळ्याशी सहमत. पाण्याबद्दल थोडं.

तुमची विहीर किनाऱ्याजवळ आहे. मे महिन्यात पाणी खाली गेलं की अशा विहिरी मचूळ होतात. जमिनीतल्या झाडाला ते चालून जातं, पिशवीतल्या झाडाला नाही, कारण पाणी उडून जातं आणि मीठ मातीतच साठत राहतं. पिशवीच्या काठावर पांढरी पुटं आणि पानांच्या कडा करपलेल्या, अशी खूण दिसेल. बरेच जण हे पाणी कमी पडल्याचं लक्षण समजून तेच पाणी जास्त घालतात. पिण्याचं गोडं पाणी रोज एक-दीड लिटर मिळालं तरी या झाडाचं मे महिन्यात भागेल. मचूळ पाण्याशिवाय इलाजच नसेल तर थोडं-थोडं शिंपडू नका. भोकांतून भरपूर वाहून जाईल इतकं एकदम ओता, म्हणजे साठलेलं मीठही थोडं धुपतं.

मेअखेर दर्यावरून सोसाट्याचा वारा सुटला की खारे तुषार अर्धा किलोमीटर सहज आत येतात. वारा पडल्यावर पानं गोड्या पाण्याने धुवा.

मुळांचं काम मात्र मृगाच्या सुरुवातीलाच उरकावं या मताचा मी आहे. हवा दमट असते, ऊन उतरलेलं असतं, नांद्रुकाला आठ-दहा दिवसांत नवी पांढरी मुळं येतात. जुलैच्या झडीत जाड मुळं कापली तर जखमा सतत ओल्या राहून कुजतात.

कलमवाला_बाग

खाडीकाठ, निरोगी झाडाला मृगाचा मुहूर्त उत्तम, यात वाद नाही. पण या झाडाच्या डोक्यावर दोन फांद्यांचा तयार बेचका आहे. तो कापून फेकण्यापेक्षा मृगात तिथे गुटी बांधावी, म्हणजे झाडावर असतानाच त्याला मुळं फोडून मग वेगळा काढावा. आपल्याकडे गुटी कलम घराघरात माहीत आहे, फक्त काठी जाड म्हणून कुणी कचरू नये. ४ सेंमी जाडीचा नांद्रुक गुटीला छान दाद देतो.

बेचक्याच्या खाली साधारण १० सेंमीवर खोडाची साल गोल काढायची. पट्टा किमान खोडाच्या जाडीइतका रुंद हवा, म्हणजे इथे ४ ते ५ सेंमी. चीक भरपूर येईल, ओल्या फडक्याने टिपत राहा आणि थांबेपर्यंत अर्धा तास जाऊ द्या. साल काढल्यावर लाकडावर जो बुळबुळीत थर राहतो तो सुरीच्या पाठीने खरवडून लाकूड कोरडं, खरखरीत लागलं पाहिजे. नांद्रुकाच्या गुट्या फसतात त्या इथेच. तो थर राहिला की झाड पंधरा दिवसांत पट्ट्यावर नव्या सालीचा पूल बांधतं आणि मग मुळं फुटायचं त्याला कारणच उरत नाही.

पट्ट्याच्या वरच्या कडेला मुळं फुटायची पावडर लावा, कारण मुळं त्याच कडेतून येतात. भिजवून घट्ट पिळलेलं स्फॅग्नम मॉस (ओल धरून ठेवणारं सुकं शेवाळ) नारळाएवढं घेऊन पट्टा मधोमध येईल असं बसवा. वरून पारदर्शक प्लॅस्टिक, दोन्ही टोकं सुतळीने आवळून. पावसात वरची गाठ जास्त महत्त्वाची. खोडावरून ओघळणारं पाणी आत शिरलं की मॉस चिखल होतं आणि कोवळी मुळं कुजतात. प्लॅस्टिकवरून काळं कापड गुंडाळा, म्हणजे मुळांवर उजेड पडत नाही आणि हवं तेव्हा सोडून बघता येतं. तीन-चार आठवड्यांत पांढरी मुळं दिसतील. तेवढ्यावर कापू नका. मुळं तपकिरी होऊन त्यांना उपमुळं फुटली की कापा. बहुतेक सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणजे जुलैअखेर किंवा श्रावणात.

आता खालच्या खोडाचा फायदा. शेंड्याकडून सालीतून खाली एक संप्रेरक सतत वाहत असतं आणि तेच खालचे डोळे झोपवून ठेवतं. गोल साल काढली की तो प्रवाह तुटतो. त्यामुळे गुटी वर मुळं धरत असतानाच पट्ट्याखालचे डोळे जागे होतात. आलेला एकही कोंब खुडू नका. वरून अन्न येणं बंद झालेल्या जुन्या मुळांना तेच कोंब पोसणार आहेत.

एक इशारा. एकाच खोडावर एकाखाली एक अशा दोन गुट्या बांधायचा मोह होईल. मधल्या तुकड्याला पानं नसतात, त्यामुळे खालच्या गुटीला अन्नच पोचत नाही. ती नुसती वाळत बसते.

मालवणी_परस

माती उकरली. वरची ६ सेंमी माती आणि जाळीसारखी बारीक मुळं काढल्यावर फुगवटा लागला. तिथे जाडी ८ सेंमी भरली. पुढच्या बाजूला दोन चपटी, छान पसरलेली मुळं आहेत. डावीकडून अंगठ्याएवढं एक मूळ निघून खोडाला पाऊण वेढा घालून घट्ट आवळलं आहे. त्याच्याखाली साल दबून खाच पडली आहे. मागच्या उजव्या बाजूला जवळजवळ एक तृतीयांश घेर रिकामा, तिथे मूळच नाही. हे झाड सोडून द्यावं का?

दुसरं, इथे अकाडामा (बोन्सायसाठी वापरतात ती जपानी दाणेदार माती) वगैरे मिळत नाही. मातीत काय घालू?

जांभ्यावरची_झाडं

सोडू नका. दोन चांगली मुळं समोरच आलीत म्हणजे झाडाची पुढची बाजू ठरली.

आकड्यांचा फरक बघा. बोन्सायची उंची बुंध्याच्या जाडीच्या साधारण सहापट धरतात. मातीलगतच्या ६ सेंमीवर हिशोब केला असता तर सहापट, म्हणजे ३६ सेंमी उंचीचं झाड आणि पहिला काप १२ सेंमीवर आला असता. फुगवट्याशी ८ सेंमी आहे, म्हणून अंतिम उंची ४५ ते ४८ सेंमी धरा. पहिला भाग त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे १६ सेंमी. आणि कापताना २० सेंमीवर कापा. नांद्रुकाचं खोड कापल्याजागेपासून खाली पुढच्या जिवंत डोळ्यापर्यंत वाळत जातं, तेवढी सूट ठेवावीच लागते. थेट १६ वर कापलंत आणि ते १० पर्यंत वाळलं, तर झाड हातचं गेलं.

क्रमाबद्दल खाडीकाठ आणि कलमवाला दोघांचंही बरोबर, पण दोन्ही कामं एकाच जूनमध्ये होणार नाहीत. गुटीचा पट्टा काढल्यावर मुळांना सात-आठ आठवडे वरून काहीच मिळत नाही. त्याच वेळी जाड मुळं कापली तर जखम भरायला ताकद कुठून आणतील? म्हणून यंदा मृगात गुटी. ती उतरवल्यावर खालचं खोड तपासा. २० सेंमीच्या खूणेखाली दोन-तीन कोंब आले असतील तर लगेच २० वर कापा. कोंब सगळे वर पट्ट्यापाशीच असतील तर आत्ता त्यांच्याखाली कापू नका, खाली फुटवा येऊ द्या, आणि शेवटचा काप फेब्रुवारीत. काप किंचित उतरता घ्या, पाणी साचू नये. कापल्यावर झाड पंधरा दिवस पडवीत उजेडाला ठेवा. छपराच्या पागोळ्यांखाली तर अजिबात नको, एका धारेने पिशवीतली माती वाहून जाते.

जखमेला बोर्डो पेस्ट पुरते. पोफळीला कोळेरोगासाठी फवारतात ते मिश्रण १ टक्क्याचं, पेस्ट १० टक्क्यांची लागते. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही वेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत विरघळवा आणि एकदम तिसऱ्या भांड्यात ओता. स्वच्छ लोखंडी खिळा बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला. त्याच दिवशी वापरा. चीक ओला असताना लावलीत तर ती पापडासारखी सुटून येते, म्हणून आधी जखम धुवून कोरडी होऊ द्या.

मुळांचं काम फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला, थंडी सरून नवी पालवी हलायला लागली की. तोवर खालच्या खोडावर पाच-सहा महिन्यांचे फुटवे असतील. गोळा सोडवून तळाची वेटोळी करवतीने आडवी कापा, गोळ्याची उंची निम्म्यावर आणा. खाली सरळ उतरणारी जाड मुळं खोडालगत कापा, बाजूला जाणारी ठेवा. वेढा घातलेलं मूळ जिथून वळतं तिथेच छाटा, म्हणजे उरलेला खुंट बाहेरच्या दिशेला तोंड करून राहील. त्याच्या कापल्या टोकातून नवी मुळं पंख्यासारखी येतात. आवळल्याची खाच दोन-तीन वर्षांत भरून येते.

रिकाम्या बाजूला, फुगवट्याच्या पातळीवर, धारदार चाकूने एकेक सेंमी रुंदीच्या तीन खाचा लाकडापर्यंत घ्या, पावडर लावा, ओलं मॉस दाबून मातीने झाका. नांद्रुक अशा खाचेतून मुळं सोडतो. नाहीच सोडली तर पुढच्या पावसाळ्यात त्याच झाडाची पेन्सिलीएवढी मुळं फुटलेली काडी तिथे सालीला साल भिडवून बांधा. या जातीत साल सालीला लवकर एकजीव होते.

खाडीकाठ

मान्य. गुटी करायची तर मुळं यंदा नकोत, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मग गच्च मातीतच झाडाला पावसाळा काढावा लागेल. आठवडाभर झड लागली की पिशवीच्या एका बाजूखाली अर्धी वीट देऊन ती कलती ठेवा. सपाट पिशवीच्या तळाशी जे पाणी साचून राहतं ते कलतीतून उतरून जातं. उघडीप मिळाली की पुन्हा सरळ.

चिरा_आणि_माती

मिश्रणाचं सांगतो. अकाडामाची गरज नाही.

आपल्याकडे लोक चिरेखाणीवरचा भुसा आणतात, कारण फुकट मिळतो. तो नका घालू. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागून कडक होत जातो. ताजा भुसा दोन पावसांत चिकट लाल चिखल होतो आणि कुंडीची भोकं बुजवतो. पडक्या गडग्याचा जुना, काळवंडलेला चिरा फोडून घ्या. तसंच नीट भाजलेल्या विटेचा चुरा. दोन्ही ३ ते ६ मिमीचे हवेत. दोन चाळणी लागतात, एकीतून मोठे खडे वेगळे होतात आणि दुसरीतून धूळ गळून जाते. धूळ टाकणं हे अर्धं काम आहे. रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी दाणा दोन बोटांत चिरडून बघा, पिठासारखा फुटला तर तो माल बाद.

प्रमाण असं: विटेचा चुरा ४ भाग, जुन्या जांभ्याचे दाणे ३, चाळलेला पूर्ण कुजलेला पालापाचोळा २, गांडूळखत १. कोकोपीट स्वस्त आणि हाताशी असतं, पण आपल्या चार महिन्यांच्या पावसात ते पाणी सोडतच नाही. किनाऱ्याची वाळू कितीही धुतली तरी नको. मिठाबरोबर त्यात शिंपल्यांचा चुराही असतो.

फेब्रुवारीत थेट बोन्सायच्या कुंडीत घालू नका. उथळ कुंडीत खोडाची आणि नव्या शेंड्याची वाढ जवळजवळ थांबते. १६-१८ इंची प्लॅस्टिकच्या घमेल्याला तळाशी १० मिमीची पंधराएक भोकं पाडा आणि भोकांवर जाळी टाका. झाडाच्या बुंध्याखाली मंगलोरी कौलाचा तळहाताएवढा तुकडा सपाट ठेवून त्यावर मुळं चहूबाजूंनी पसरा. कौल आडवं आल्यामुळे मुळं खाली न जाता कडेने पसरतात. झाड भोकांतून ओवलेल्या तारेने घमेल्याला घट्ट बांधा. खोड वाऱ्याने हललं की रोज नवी पांढरी मुळं तुटतात आणि मग झाड महिनोन्‌महिने का वाढत नाही ते कळत नाही.

खत कोंब पिकेपर्यंत नको. नंतर निंबोळी किंवा करंज पेंड महिन्याला मूठभर. शेंगदाणा पेंडीला उंदीर येतात. भर पावसात पेंड बुरशी धरते, तेव्हा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं विद्राव्य खत) लिटरला १ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, उघडीप बघून.

मालवणी_परस

खूप आभार सगळ्यांचे. वहीत उतरवून घेतलं. शेवटचं: काप घेतल्यावर जे कोंब येतील त्यातला कुठला ठेवायचा आणि तार कधी घालायची?

जांभ्यावरची_झाडं

पहिले दोन महिने सगळे ठेवा. कापाच्या कडेला एकाच जागी झुबका आला तर तिथले दोन सोडून बाकी काढा. झुबका राहिला तर तिथे खोडाला गाठ येते आणि ती नंतर जात नाही. शेंडा म्हणून कापाच्या थोडा खालून, पुढच्या बाजूला झुकलेला दमदार कोंब निवडा. तो कोवळा, पेन्सिलीपेक्षा बारीक असतानाच तार घालून वळवा, कारण बुडातला बाक नंतर येत नाही. अ‍ॅल्युमिनियमची तार, फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश, ४५ अंशांत. पावसाळ्यात नांद्रुक इतक्या झपाट्याने जाड होतो की महिन्याभरात तार सालीत रुतते. दर आठवड्याला बघा. काढताना उलगडत बसू नका, तुकडे करून काढा.

बाक बसला की शेंड्याला मोकाट सोडा, पाच-सहा फूट जाऊ दे. खुडत राहिलात तर तो जाड होणार नाही आणि ८ सेंमीच्या बुंध्यावर काडी खोचल्यासारखं दिसेल. त्याची बुडाशी जाडी कापाच्या निम्मी झाली, म्हणजे दोनेक वर्षांनी, की जुना खुंट त्याच्या मागून तिरका कापा आणि शेंडा पुन्हा आखूड करा. बाजूच्या फांद्यांचा विचार त्यानंतर.

कलमवाला_बाग

आणि २० सेंमीवर कापाल तेव्हा वर उरलेला साधारण ६० सेंमीचा दांडका टाकू नका. वीस-वीस सेंमीचे तुकडे करा, वरचं तोंड पेस्टने बंद करा आणि ७-८ सेंमी खोल नदीच्या वाळूत सावलीत रोवा. उलटे रोवले जातात म्हणून कापतानाच वरच्या टोकाला खडूने खूण करा.